‘सद्गुणी स्त्री’चा तक्ता: एक प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, समुपदेशनात ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्या इथे एकाच बाईच्या आयुष्यात गुंफल्या आहेत. त्यामुळे तिला नाव दिलेलं नाही आणि गावही.

परिस्थिती

वय ३८. माध्यमिक शाळेत गणिताची शिक्षिका, त्यातच परीक्षा विभागाची जबाबदारी. नवरा पाळ्यांमध्ये काम करणारा. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. घरात सासूबाई, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन हिंडणाऱ्या. मंडळीत ती संडे स्कूलची प्रमुख, महिला मंडळाची चिटणीस आणि गायनवृंदातली एक. शिवाय एक बिनपदाची सेवा होतीच. कुणी आजारी पडलं की पाळकांचा (पास्टरांचा) पहिला फोन हिला.

समुपदेशनाला ती स्वतःसाठी आली नव्हती, मुलीसाठी आली होती. मुलगी वहीची पानं फाडायची. एखादा शब्द खोडावा लागला, रेघ जरा तिरकी गेली, की पान टरकन फाडून पहिल्यापासून सुरुवात. वर्गशिक्षिकेने वही घरी पाठवली तेव्हा ती निम्म्याने बारीक झाली होती आणि शिवणीजवळ फाटक्या कडांची झालर उरली होती. लिहिलेली पानं मात्र इतकी सुबक, की छापल्यासारखी वाटावीत.

समुपदेशन करणाऱ्या बाई मंडळीतल्याच, निवृत्त परिचारिका. सगळे त्यांना मावशी म्हणतात. मुलीबद्दल चार प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी सहज म्हटलं, “आता तुझी वही दाखव.” ती दचकली. तिची वही आहे हे मावशींना माहीत नव्हतं. अशा आईकडे कुठली तरी वही असणार एवढा अंदाज होता.

ती वही

बायबलमधलं नीतिसूत्रे, अध्याय ३१, वचनं १० ते ३१: ‘सद्गुणी स्त्री’चं वर्णन. त्या २२ वचनांचा तिने तक्ता केला होता. प्रत्येक वचनासमोर एक सवय आणि पुढे आठवड्याचे सात चौकोन. ‘रात्र सरली नाही तोच ती उठते’ यासमोर ‘पहाटे ४:३०’. ‘तिचा दिवा रात्री मालवत नाही’ यासमोर ‘११ नंतर संडे स्कूलची तयारी’. दीनदुबळ्यांना हात देण्यासमोर ‘रोज एक भेट किंवा फोन’. आळसाची भाकर न खाण्यासमोर ‘रिकामं बसायचं नाही’. जमलं तर हिरवी खूण, नाही जमलं तर लाल फुली. सगळ्यात जास्त लाल फुल्या २६व्या वचनासमोर होत्या, म्हणजे जिभेवर दयेची शिकवण असण्यासमोर. तिथे तिने लिहिलं होतं, ‘मुलांवर ओरडायचं नाही’. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच वाक्य: ‘पुढच्या आठवड्यात नक्की, प्रभूच्या साहाय्याने.’

वर्षभराच्या त्या वहीत २२ च्या २२ खुणा हिरव्या असलेला एकही दिवस नव्हता.

मावशींनी वचनाचा अर्थ काढला नाही की उपदेश केला नाही. कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “गणिताची बाई आहेस ना? प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते लिही. शाळा, घर, मंडळी, सगळं.” तिने लिहिलं. बेरीज आली २६ तास, झोप न धरता. तिने ताळा करून पाहिला, उत्तर तेच. इतक्या हुशार बाईने ही बेरीज याआधी कधी मांडली नव्हती, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. जे देवाला हवं आहे असं एकदा ठरलं, त्याचा हिशेब मांडणं हाच अविश्वास वाटू लागतो.

आधी रक्त तपासा

मावशींचा पेशा इथे कामी आला. प्रार्थना केली आणि मग म्हणाल्या, “उद्या डॉक्टरकडे जा. सकाळी उठल्यावरही थकवा, जिना चढताना धाप, केस गळतात म्हणतेस. रक्त तपासून घे.” हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, लोह कमी. गोळ्या सुरू झाल्या. ज्याला ती कित्येक महिने ‘आत्मिक कोरडेपणा’ म्हणत होती आणि ज्यासाठी उपास करत होती, त्यातला मोठा भाग रक्तक्षयाचा होता. उपासाने तो वाढलाच असेल.

ही पायरी आपल्या मंडळ्यांमधून फार वेळा गाळली जाते. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला विश्वास कमी पडल्याबद्दल बोल लावत नाही. झोपू देतो, खायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाचं बोलणं त्यानंतर, डोंगरावर. थकलेल्या बाईला थेट डोंगरावर नेण्याची घाई आपल्यालाच असते.

नेमकं चुकलं कुठे

तिला आधी मिळालेला सल्ला सगळीकडे मिळतो तोच होता: अपेक्षा जरा कमी कर, सगळं परिपूर्ण असायला नको. तो तिला लागू पडला नाही आणि पडणारही नव्हता. ‘कमी कर’ याचा तिच्या कानावर पडणारा अर्थ ‘देवाला कमी दे’ असा होता. कलस्सै ३:२३ तिला पाठ होतं: जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. मग कमी कुठे करायचं? ज्या बाईची उत्तमाची ओढ खरी आहे, तिला ओढच सोड म्हणणं हा तिचा अपमान आहे.

म्हणून प्रश्न वेगळा विचारावा लागला. यातली कुठली अपेक्षा नेमकी कुणाची? परिपूर्णतेच्या हव्यासावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ह्युइट आणि फ्लेट यांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले: माणूस स्वतःकडून बाळगतो ती अपेक्षा, इतरांकडून बाळगतो ती, आणि इतर लोक आपल्याकडून बाळगतात असं त्याला वाटतं ती. तिसरा प्रकार सगळ्यात जाचक, कारण तिथे न्यायाधीश बाहेर बसलेला असतो आणि त्याचा निकाल कधी हातात पडत नाही. विश्वासी बाईच्या बाबतीत या न्यायाधीशाच्या खुर्चीवर बघता बघता देव बसवला जातो. बोलतात मात्र शेजारच्या बाकावरच्या बायका.

तिचा तक्ता या नजरेने वाचला तेव्हा २२ पैकी बऱ्याच ओळींचा मालक सापडेना. नवऱ्याला एका बैठकीला बोलावलं. घरी तो वैतागून “कोणी सांगितलंय तुला?” म्हणायचा आणि तिला तो टोमणा वाटायचा. इथे त्याला खरंच विचारलं, तुझी अपेक्षा काय? त्याने तीन गोष्टी सांगितल्या: रात्री आमच्याबरोबर जेवायला बस, जेवताना मंडळीचा फोन घेऊ नकोस आणि मुलांच्या अभ्यासावरून रडारड नको. पहिल्या दोन तिच्या तक्त्यात कुठेच नव्हत्या. सासूबाईंचं तर आणखीच वेगळं. सून रोज पहाटे त्यांची अंथरुणाची घडी घालायची, औषधं काढून ठेवायची, कपडे हाताशी ठेवायची, आणि त्या सेवेची हिरवी खूण करायची. त्यांची तक्रार एका वाक्याची होती: “मला काही करूच देत नाही ही.”

वचन नीट वाचलं तर

आता त्या अध्यायाकडे. तो बायकांना झोडपण्यासाठी वापरला गेला म्हणून बाजूला ठेवावा, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण तो काय आहे हे पाहिलं पाहिजे. अध्यायाच्या पहिल्याच वचनात सांगितलंय की ही वचनं लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवली. म्हणजे ऐकणारा पुरुष आहे, तोही राजा. पुढची २२ वचनं ही हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर क्रमाने रचलेली कविता आहे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. एका स्त्रीच्या सबंध आयुष्याचं ते गौरवगीत आहे. सोमवार ते रविवारचं वेळापत्रक नव्हे. यहुदी घरांत आजही शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ सुरू होताना, नवरा हे गीत बायकोसमोर गातो. तिने केलेल्या कामाची ती पावती असते, आणि पुढे विश्रांतीचा दिवस असतो. आपण त्या पावतीचं मागणीपत्र करून टाकलं.

त्या बाईच्या घरी दासी होत्या, १५व्या वचनात तसं स्पष्ट आहे. ती पहाटे उठून त्यांना कामं वाटून देते. महिला मेळाव्यातल्या संदेशांत पहाटेचं उठणं येतं, वाटून देणं येत नाही.

आणि बायबलमधलीच रूथ. शेतमालक बवाज तिला ‘सद्गुणी स्त्री’ म्हणतो (रूथ ३:११) ते कधी? ती परक्या देशातून आलेली विधवा आहे, मूलबाळ नाही, जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसं वेचते आहे. नीतिसूत्रेतल्या २२ पैकी निम्म्याहून अधिक चौकोनांत तिच्या नावे लाल फुलीच पडली असती. पदवी मात्र तीच. हिब्रू शास्त्राच्या एका जुन्या मांडणीत नीतिसूत्रेनंतर लगेच रूथचं पुस्तक येतं, हे तर फारच बोलकं.

मावशींनी तिला वाचायला दिलं ते मात्र यातलं काही नव्हे. त्यांनी मत्तय २५ दिलं. धनी चाकरांना पाच, दोन आणि एक असे तलांत (त्या काळची मोठी रक्कम) वाटतो, प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला मिळालेली शाबासकी शेजारी शेजारी ठेवून वाचा, शब्द तेच आहेत. दोनवाल्याला ‘सहा कमी आणलेस’ असं कुणी म्हणत नाही. तिचा तक्ता पाचवाल्याचा होता आणि हातात, त्या वर्षापुरते, दोन होते. आजारी सासू, लहान मुलं, रक्तक्षय, नवऱ्याच्या पाळ्या ही सगळी वजाबाकी देवाला ठाऊक होती, फक्त तिच्या वहीत नव्हती.

मार्क १४ मध्ये येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीवर भोवतीचे लोक तुटून पडतात. येशू म्हणतो, तिला जे करता आलं ते तिने केलं. उत्तमाची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. तेल भारी होतं, तिने हात आखडता घेतला नव्हता. पण गरिबांच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिच्याकडून कुणी मागू नये, हेही त्यानेच सांगितलं.

मंडळीचा वाटा

इथे मला जरा परखड बोलायचंय. अवास्तव अपेक्षा हा तिच्या मनाचा आजार मानला की उरलेले सगळे सुटतात. प्रत्यक्षात तिच्या त्या आजारावर एक सबंध मंडळी निवांत चालली होती. संडे स्कूलला दुसरी शिक्षिका तयार करायची गरज कुणाला वाटली नाही, कारण ती होती. महिला मंडळाची चिटणीस दरवर्षी ‘एकमताने’ तीच, कारण दुसरं कुणी हात वर करत नसे. मेळाव्यात तिला उभं करून टाळ्या वाजवल्या, ‘आपल्यातली सुझॅना वेस्ली’ म्हणून.

सुझॅना वेस्ली (१६६९–१७४२), मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. १९ बाळंतपणं, मुलांचं शिक्षण घरीच, गजबजाटात ॲप्रन डोक्यावर ओढून प्रार्थना करायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्या १९ पैकी ९ मुलं तान्हेपणीच गेली, नवरा १७०५ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला, १७०९ मध्ये राहतं घर जळालं, हे मेळाव्यात कुणी सांगत नाही. ते सांगितलं तर आदर्श म्हणून ज्या बाईकडे बोट दाखवतो, तिला किती सोसावं लागलं हेही दिसेल, आणि मग टाळ्या वाजवणं अवघड होईल.

निर्गम १८ मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला असतो. सासरा इथ्रो त्याला सांगतो, हे ठीक नाही. तू थकशील आणि हे लोकही थकतील. हजार, शंभर, पन्नास, दहा असे नायक नेमायला लावतो. मोशेला ‘मनःशांतीसाठी ध्यान कर’ असं सांगत नाही. कामाची रचनाच बदलायला लावतो. मावशी पाळकांना भेटल्या ते हा अध्याय घेऊनच. पाळक भले गृहस्थ. म्हणाले, “ती कधी नाही म्हणत नाही हो.” मावशी म्हणाल्या, “म्हणूनच तुम्ही विचारायचं नाही.”

काय बदललं

तक्ता बंद केला नाही. मावशींनी तिला त्याचे तीन भाग करायला लावले: ज्यात उत्तमच हवं, ज्यात झालं म्हणजे झालं, आणि जे माझं नाहीच. पहिल्या भागात काय ठेवायचं यावर ती बराच वेळ अडली. शेवटी तीन गोष्टी राहिल्या: परीक्षेचे गुण, सासूबाईंची औषधं, मुलांशी बोलणं.

गुणांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण उत्तम काम आणि परिपूर्णतेचा हव्यास यांतला फरक तिथे उघड झाला. ती गुणपत्रकं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकटीच तपासायची, तीनदा. पूर्ण निर्दोष झाल्याशिवाय सहकाऱ्याला दाखवायची नाही. तरीही मागच्या सत्रात दोन विद्यार्थ्यांचे गुण एकमेकांच्या नावावर चढले होते आणि ते पालकांनी शोधले. तेव्हा तिने सगळं पत्रक पुन्हा सुरुवातीपासून तयार केलं. मुलीच्या पान फाडण्यात आणि यात फरक तो काय? आता पद्धत बदलली. एक शिक्षक गुण मोठ्याने वाचतो, दुसरा पत्रकात बोट ठेवून ताळा करतो, चूक सापडली की एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि दोघांच्या सह्या. वेळ निम्मा झाला, चुका लवकर सापडू लागल्या. दर्जा खाली आला नाही, वर गेला. चूक होणार हे गृहीत धरल्यामुळे गेला.

‘झालं म्हणजे झालं’ या भागात घरची आवराआवर, शाळेतल्या फलकांची सजावट, महिला मंडळाचं इतिवृत्त. ‘माझं नाही’ यात सासूबाईंची अंथरुणाची घडी पहिली गेली. गायनवृंदाबद्दल तिचं अजून ठरलेलं नाही. गायला तिला मनापासून आवडतं आणि आवडतं ते आधी सोडायचं ही तिची जुनी खोड.

मुलीशी वेगळं काही बोलायचं नाही, एवढंच मावशींनी बजावलं. मुलीदेखत पेनाने लिही आणि चुकलं तर खोड, पान बदलू नकोस. पहिल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, “आई, हे घाण दिसतंय.” आई म्हणाली, “दिसू दे.” हे म्हणताना तिचा जीव किती वर-खाली झाला ते तिने नंतर सांगितलं. मुलीचं पान फाडणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही. निबंधाच्या वहीत अजून चालतं.

जे सुरळीत झालं नाही

संडे स्कूलची जबाबदारी तिने दोन तरुण मुलींकडे सोपवली आणि त्या वर्षीचा नाताळचा कार्यक्रम बऱ्यापैकी फसला. माइक मधेच बंद पडला, मागी लोक (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) झालेली मुलं संवाद विसरली, एक मेंढपाळ झगा न घालताच रंगमंचावर आला. ती तिसऱ्या रांगेत बसून होती. दोनदा उठायला निघाली, नवऱ्याने हात धरून बसवलं. बाहेर पडताना कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालंच, “विश्वासात थंड पडल्यात हल्ली.” त्या रात्री तिने जुनी वही पुन्हा काढली. दोन आठवडे खुणा केल्या, मग मावशींना सांगितलं. मावशी रागावल्या नाहीत. २६व्या वचनापुढे किती फुल्या पडल्या, एवढंच विचारलं. सगळ्या दिवशी पडल्या होत्या.

त्या दोन मुलींनी पुढच्या कार्यक्रमासाठी तीन महिने आधी तालमी सुरू केल्या. पहिल्यांदा फसल्याशिवाय त्या शिकल्या नसत्या, आणि ती बाजूला झाली नसती तर त्यांना फसताही आलं नसतं.

सध्या

मंडळीने पदांसाठी दोन वर्षांची मुदत घातली आहे, आजाऱ्यांच्या भेटींसाठी चार जणांची यादी केली आहे. पाळकांचा पहिला फोन अजून सवयीने तिलाच येतो. ती यादीतलं पुढचं नाव सांगते.

दरम्यान शाळेने तिला उपमुख्याध्यापिकेचं पद देऊ केलं. महिला मंडळात कुजबुज झाली, सेवा सोडली आणि जगाच्या मागे लागली म्हणून. मावशींनाही सुरुवातीला वाटलं की एवढ्यात नको. मला तिचा पद स्वीकारण्याचा निर्णय बरोबर वाटतो. कलस्सैकरांना लिहिलेलं ते ‘जिवेभावे करा’ हे वचन मुळात दासांना, त्यांच्या रोजच्या कामाबद्दल सांगितलं आहे. उपासनेतल्या सेवेपुरतं ते कुणी ठेवलं? तिला शाळा चालवता येते, ती ते काम इतर अनेकांपेक्षा चांगलं करते आणि तिला ते हवं आहे. उत्तमाची ओढ मारून टाकायची नव्हतीच, तिला योग्य जागा द्यायची होती.

तिने पद स्वीकारताना मुख्याध्यापकांना दोन गोष्टी लेखी मागितल्या: परीक्षा विभाग दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर बोलणी चालू आहेत.